पाच तारखेच्या आत

दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गौतमी हिस,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, म्हणून हे पत्र. माझाच मुलगा असून सम्राट चिडवतो, "आबा, आता पत्रं कोण लिहितं?" मी म्हणतो, ज्याची भाची उत्तर लिहिते तो लिहितो.

काल एक नवल घडलं. दुपारी आमच्या गल्लीत एक पांढरी मोठी गाडी येऊन थांबली. आतून चाळिशीतला गृहस्थ उतरला आणि भर गल्लीत, शेजारचे गार्डसाहेब पेपर वाचत बसलेले असताना, त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "गुरुजी, ओळखलं का?" मी चष्मा पुसत राहिलो. तेव्हा तो तिथंच हाताची घडी घालून, वर्गात उभं राहावं तसा उभा राहिला आणि म्हणू लागला:

घोडनदीचा घोडा रे,
वाळूवरती सोडा रे...

माझंच गाणं, पोरी! पोरांना 'घ' आणि 'ळ' घोटून घ्यायला मी खडूनं फळ्यावर रचलेलं. कुठल्या पुस्तकात नाही, कुणाच्या वहीत उरलं असेल असं वाटलं नव्हतं. हा आपल्या गावच्या मारुतरावांचा शंभू. कवितेच्या तासाला पहिल्या रांगेत बसायचा, आणि कवितेतलं पाखरू मेलं की खरोखर रडायचा.

मारुतरावांचं घर म्हटलं की मला १९७९ साल आठवतं. नवी नेमणूक होती, पटनोंदणीला घरोघर फिरत होतो. त्यांच्या ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या होत्या, मला पायरी दाखवली. चहा आला तो वळचणीला खोचून ठेवलेल्या वेगळ्या कपातून. प्यायचा, आपण विसळायचा आणि परत तिथंच खोचायचा. मी विसळला होता. हे तुझ्या आईला, पारूला, सोडून कुणाला सांगितलं नाही. त्या घरातला मुलगा काल माझ्या पायांवर वाकला. तुला काय सांगू, रात्री जेवण गेलं नाही.

१२ जानेवारीला त्यांच्या सातवीच्या बॅचचा मेळावा शिरूरला आहे. माझा सत्कार करणार आहेत. आणि ऐक, त्याची धाकटी लेक तुझ्याच पाळणाघरात येते म्हणे! "गुरुजी, माझं लेकरू तुमच्याच घरात वाढतंय," असं म्हणाला. त्या मुलीकडे जरा जास्त लक्ष दे. तुझ्याकडं फीचं फार कडक आहे, असंही हसत हसत बोलला. मीही हसलो. बाकी क्षेम.

तुझा
खंडूमामा


शिरूर
२६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामांना सविनय जयभीम.

दीड ते तीन मुलं झोपतात, तेवढाच वेळ माझा. ओट्यावर पाटा सरकवून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर रागावू नका.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सत्काराचा मान तुमचा आहेच. पण शंभू दादाचं तुम्ही निम्मंच ऐकलंय, उरलेलं मी सांगते.

त्यांच्या मनूची ऑक्टोबरची फी आली नाही. नोव्हेंबरचीही नाही. ऑक्टोबरात दिवाळी तोंडावर म्हणून मी गप्प बसले. नोव्हेंबरात पाच तारीख गेली, दहा गेली, तेव्हा फोन केला. तर म्हणाले, "अगं, गुरुजींची भाची ना तू? मग आपण घरचेच की!" म्हणून परत गप्प बसले. चूक माझी. दारावरची पाटी तुम्हीच रंगवून दिलीत मामा, तुमच्याच वळणदार अक्षरात आहे: फी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. दहा तारखेनंतर मूल घेतले जाणार नाही. सुट्टी घेतली तरी फी पूर्ण. सहानंतर नेल्यास अर्ध्या तासाला पन्नास रुपये. तिच्याखालून मी रोज मनूला आत घेते.

परवा मनूची आई, अनिता वहिनी, पावणेसातला आल्या. आमची चांगुणाबाई मनूला काखेत घेऊन फाटकात उभी. मी म्हटलं, "वहिनी, उशिराचे शंभर होतात, आणि दोन महिन्यांची फी."

"अगं बाई, पैसे कुठं पळून चाललेत का? शंभर रुपयांसाठी फाटकात अडवतीस?"

"अडवत नाही. सांगतेय."

"ह्यांच्या सहा बस लागल्यात कंपनीला. तुझे सात हजार बुडवून ह्यांना काय माडी बांधायचीय?"

त्या गेल्यावर चांगुणाबाई म्हणाली, "बाई, सहा बशी हायेत म्हंजी सात हजार असतीलच की वो. मग देत का न्हाईत?"

तुम्हाला पहिलं वर्ष आठवतं ना? सगळ्यांना 'असू दे, असू दे' केलं. रांजणगावच्या एका जोडप्यानं चार महिने पैसे थकवले आणि एका रविवारी खोली रिकामी करून गेलं. तेव्हा मी दूधवाल्याला तोंड चुकवून मागच्या गल्लीनं जायचे. आता आठ मुलं आहेत. विनोदला कंपनीनं एक डिसेंबरपासून ब्रेक दिलाय, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना देतात तसा, परत कधी घेतील ठाऊक नाही. म्हणजे चांगुणाबाईचा पगार, खोल्यांचं भाडं आणि आमच्या दोघांचं ताट, सगळं ह्या आठ मुलांवर. एकाला सोडलं की बाकीचे सात विचारणार, आम्ही काय घोडं मारलं?

ह्या वेळी दहा डिसेंबरपर्यंत वाट बघेन. नाही आली फी तर मनूला घेणार नाही. मामा, एक गोष्ट हात जोडून सांगते, तुम्ही ह्यात पडू नका.

तुमची
गौतमी


दौंड
४ डिसेंबर २०२४

चि. गौतमी,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोरी, तू बरोबर आहेस, पण बरोबर असणं हे एवढं कोरडं असावं का? मी तीस वर्षं शिकवलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं पाटसकडे कारखान्याच्या तळावर जायची, चार महिन्यांनी परत यायची, मी त्यांना विचारलं नाही की तुमची हजेरी कुठं आहे. फळ्याखाली बसवून घेतलं. शंभूचं मन वाईट नाही. जो मुलगा कवितेतल्या पाखरासाठी रडला तो तुझे सात हजार बुडवील, हे मला पटत नाही. मोठ्या व्यापात माणूस विसरतो.

तू त्याला तोडू नकोस. मीही त्याला दोन ओळी लिहिल्या आहेत. तुझी काळजी मिटेल.

विनोदरावांच्या नोकरीचं वाचून जीव हळहळला. त्यांना सांग, ब्रेक म्हणजे मधली सुट्टीच. घंटा परत होते.

तुझा
मामा


शिरूर
१२ डिसेंबर २०२४

मामा,
जयभीम.

तुम्ही दोन ओळी लिहिल्यात असं कळवलंत. मला वाटलं, पोराला फी भरायला सांगितलीत. मी विनोदला म्हटलंसुद्धा, बघ, मामांनी कान धरला असेल.

काल अकरा तारीख. सकाळी साडेआठला शंभू दादा स्वतः मनूला घेऊन आले. पाळणाघरात सोडायची वेळ, फाटकाशी चार-पाच पालक, दोघं-तिघं कंपनीच्या बसच्या घाईत. मी फाटक लावून उभी. म्हटलं, "दादा, आधी ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि चालू डिसेंबर. मग मनूला घेते."

ते हसले. खिशातून मोबाईल काढला आणि त्यावरचा पत्राचा फोटो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "चि. शंभूस आशीर्वाद. गौतमीच्या फीची चिंता तू करू नकोस. ते घर तू माझंच समज. तिचं मन वाळूसारखं आहे, वरून तापतं, खाली ओल असते. ती लेकराला परत पाठवणार नाही, हा माझा शब्द."

मामा, हे तुम्ही लिहिलंत?

मी फोटो हातात घेऊन बघितला. तुमचा 'श', तुमची वेलांटी. पाटीवर तुम्ही जी काढलीत तीच. एका बाजूला भिंतीवर तुमचं अक्षर, दुसऱ्या बाजूला मोबाईलमध्ये तुमचं अक्षर, आणि मध्ये मी.

"आता बोल," शंभू दादा म्हणाले. "गुरुजी मोठे का तुझी पाटी मोठी?"

मी म्हटलं, "फी आली की घेईन."

मनूनं फाटकाच्या गजातून हात घातला होता. तिला चांगुणाबाईकडं जायचं होतं. मी तो हात सोडवला. ते लेकरू रडत गाडीत बसलं, आणि पालकांपैकी एक म्हणाली, "एवढी कशी हो तुमची छाती झाली?" माझी छाती झाली! दुपारभर माझ्या हाताला त्या बोटांची ऊब होती.

मारुतरावांच्या ओसरीचं मला ठाऊक आहे. आईनं सांगितलं होतं. पण त्या ओसरीचं बिल तुम्ही माझ्या नावावर का फाडलंत?

शंभू दादाला साधं पत्र लिहा की माझा शब्द मी मागे घेतो, फी भर. तेवढंच करा.

गौतमी


दौंड
२१ डिसेंबर २०२४

चि. गौतमी,

तुझ्या पत्राखाली 'तुमची' हा शब्द नव्हता. बघितला मी.

शब्द मागे घे, असं तू लिहितेस. मेळावा तीन आठवड्यांवर आला असताना मी त्या मुलाला काय तोंडानं लिहू? पण तुझी फी पोचेल. तुझ्या पाटीवरचं अक्षरही पुसलं जाणार नाही आणि त्याचा मानही राहील, असा मार्ग मी काढला आहे. कसा, ते विचारू नकोस. मेळाव्याआधी पैसे तुझ्या हातात असतील.

तू मात्र त्या दिवशी ये. पहिल्या रांगेत बस.

मामा


शिरूर
५ जानेवारी २०२५

मामा,
जयभीम.

आज पाच तारीख. पैसे आले नाहीत. मनूही नाही. तिला तिची आजी सांभाळते असं कळलं.

परवा बाजारतळावर शंभू दादा दिसले. मी स्वतःहून गेले. म्हटलं, दादा, मागचं काय ते मिटवा, मला आणि तुम्हाला दोघांनाही मोकळं होऊ द्या. तर म्हणाले, "माझं गुरुजींशी झालंय. तू आता मला विचारू नको, त्यांना विचार." आणि भाजीवाल्याकडं वळले. म्हणजे तुमचं ते पत्र अजून त्यांच्या खिशात आहे. मागे घेतलं नाहीत ना?

फाटकाशी जे ऐकलं ते पालक विसरले नाहीत. एकानं निम्मी फी दिली आणि म्हणाला, "बाकीचं बघू, तुमच्या मामांना विचारून." दोन मुलं दुसरीकडं गेली. तिथं पाटी नाही म्हणे. निम्मी फीवाल्याला मी पैसे परत केले आणि तेही मूल गेलं. मनूसकट चार गेली. आठाची चार राहिली.

विनोद म्हणतो, थोडं नमतं घे. मी नमतं घेतलं तर ह्या चारांना उद्या काय सांगू? जे वेळेवर देतात तेच मूर्ख ठरतात. चांगुणाबाईला अर्धा दिवस केलंय. ती म्हणाली, "पगार उलीसा कमी घेते बाई, पन मला काढू नगा. पोरांबिगर मला घर खायला उठतंय."

मेळाव्याला मी येणार नाही. तुमची शाल बघायला मला आवडलं असतं.

गौतमी


दौंड
१४ जानेवारी २०२५

चि. गौतमी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिल्या दोन वेळा त्यात कविता शिरली, म्हणून फाडलं.

डिसेंबरात शंभू पत्रिका द्यायला आला होता. मी पेन्शनमधून काढून ठेवलेले साडेदहा हजार एका पाकिटात घालून त्याच्या हातात दिले. म्हटलं, हे गौतमीला तू तुझ्या हातानं दे, तुझी फी म्हणून. तिला माझं नाव सांगू नकोस. म्हणजे तिला वाटेल तू भरलीस, तुला वाटेल गुरुजींनी झाकलं, आणि मला वाटेल सगळं गोड झालं. त्यानं डोळे पुसले, गौतमी. मी पाहिले ते डोळे. पाखराच्या वेळचेच होते.

परवा मेळावा झाला. मांडव, फेटे, तुतारी. चाळीस-बेचाळीस जण, कुणाला टक्कल, कुणाच्या हाताला लेकरू. सगळ्यांनी उभं राहून 'घोडनदीचा घोडा' म्हटलं. मी खुर्चीवर बसलो होतो, पाय जमिनीला टेकत आहेत की नाही ते कळत नव्हतं. मारुतरावही आले होते, काठी टेकत. त्यांच्याच हातून मला शाल घातली. एवढ्या वर्षांनी त्या हाताचा स्पर्श माझ्या खांद्याला झाला.

मग शंभूनं माइक घेतला. म्हणाला, "आपले गुरुजी किती मोठ्या मनाचे आहेत बघा! ह्या कार्यक्रमासाठी त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून अकरा हजार रुपयांची देणगी दिली आहे. टाळ्या!"

आधी मला कळलंच नाही. माझं ऐकू येणं तुला ठाऊक. मी मनानं दुसरंच काही भरलं. मग शेजारच्या खुर्चीवरचा माझा जुना सहकारी हौशीराम कानाशी ओरडला, "अकरा हजार दिलेस? चहा पाजायला कुरकुर करतोस की रे!" तेव्हा समजलं. पाचशे त्यानं पदरचे घातले होते. तेवढा हिशेब त्यानं चोख केला.

म्हणजे मांडव माझा, फेटा माझा, खांद्यावरची शाल माझी. तुझ्या पैशांतून.

मी उठायला हवं होतं. माइक दोन हातांवर होता. 'हे पैसे गौतमीच्या पाळणाघराचे आहेत,' एवढंच एक वाक्य. पण टाळ्या वाजत होत्या, आणि मारुतराव माझ्याकडे बघून मान डोलवत होते. आणि पोरी, मी हात जोडले. सगळ्या बाजूंना वळून वळून हात जोडले.

उतरल्यावर शंभूला गाठलं. म्हणाला, "गुरुजी, तुमच्याच नावानं वाजवलं ना? गौतमीचं बघू की. ती काय परकी आहे?"

तिथून मी तुझ्या गल्लीत आलो होतो. तुला कळवलं नाही. पाटीसमोर उभा राहिलो. आतून चार लेकरांचा गलका येत होता, तू कुणाला तरी 'हात धू आधी' म्हणत होतीस. मी कडी वाजवली नाही. दौंडची एस.टी. धरली.

सोबत साडेदहा हजारांचा चेक आहे. ह्या वेळी तुझ्याच नावावर लिहिला आहे.

तुझा
मामा


शिरूर
२३ जानेवारी २०२५

मामा,
जयभीम.

चेक परत पाठवतेय. ही फी तुमची नाही. मनूच्या आईवडिलांची आहे. मामानं भरली, आजोबानं भरली, ओळखीच्यानं भरली, असं करून घ्यायचं असतं तर मी पाटी लावलीच नसती. उद्या शंभू दादा सांगतील, बघा, शेवटी मिळालीच ना तिला? आणि खरंच मिळालेली असेल.

शंभू दादानं मला फसवलं ह्याचं मला फारसं काही नाही. तो पालक आहे. पालक चुकवतात, उशीर करतात, लेकराला पुढं करून दरवाजा उघडून घेतात. त्यासाठीच पाटी असते. पण मी पहिल्याच पत्रात हात जोडून सांगितलं होतं, ह्यात पडू नका. तरी तुम्ही माझ्या मागे त्याला शब्द दिलात. मग माझ्या मागे त्याला पैसे दिलेत. मला फी मिळाली असं वाटावं म्हणून माझ्याशी खोटं खेळायचं ठरवलंत, आणि त्याला 'मार्ग' म्हणालात. दोन्ही वेळा तुम्ही मला विचारायच्या आधी त्याचा चेहरा बघितलात.

आई गेली तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, पारूच्या जागी मी आहे. मी ते धरून चालले होते.

गल्लीत येऊन परत गेलात. कडी वाजवली असती तर मी दार उघडलं असतं आणि भांडले असते. भांडून पिठलं वाढलं असतं. तेही तुम्ही ठेवलं नाहीत.

मुलं उठली. थांबते.

गौतमी


दौंड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमी,

मी उशीर केला, कारण आधी काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

गेल्या रविवारी मारुतरावांच्या घरी गेलो. ओसरीला आता फरशी आहे. मारुतराव खुर्चीवर होते, शंभूची आई सरूबाई धान्य निवडत होत्या, शंभूसोबत चार माणसं निवडणुकीचं बोलत होती. मारुतराव म्हणाले, "या गुरुजी, बसा की. ए, खुर्ची आणा रे." मी म्हटलं, मी उभाच बरा आहे.

"शंभू," मी म्हटलं, "माझे साडेदहा हजार परत दे. ते मी मेळाव्याला दिले नव्हते. गौतमीची फी म्हणून तुझ्या हातात दिले होते. आणि ती फीसुद्धा तुझीच होती, ती तू वेगळी भर."

एवढं मी चार माणसांपुढं बोललो.

शंभू आत गेला. वाटलं, पैसे आणतोय. त्यानं पावती आणली. छापील, शिक्का मारलेली, माझ्या नावाची, अकरा हजारांची. "गुरुजी, कायद्यानं दिलंय. हे जपून ठेवा." चार माणसं हसली. मारुतराव म्हणाले, "आता नावासाठी दिलं ते दिलं गुरुजी, मागं कशाला घेताय? शोभतं का?" सरूबाईंनी मान वर केली नाही. सूप तेवढं थांबलं होतं.

मग सम्राटकडून मोबाईलवर लिहून घेतलं आणि त्यांच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं. 'मी चि. शंभूस लिहिलेले पत्र मागे घेत आहे. गौतमीचा नियम योग्य आहे. तिची फी शंभूकडून येणे आहे.' दोघांनी हात जोडले. एकानं लिहिलं, 'सर, इथं राजकारण नको.' पाच मिनिटांनी सम्राट म्हणाला, "आबा, तुम्हाला ग्रुपमधून काढलं." ज्यांना मी 'घ' शिकवला त्यांनीच.

शाल मी पेटीत ठेवली नाही. स्टेशनवर एक म्हातारी बसते, म्हाळूची आई म्हणतात तिला, तिला दिली. तिनं विचारलं नाही कुणाची.

आता एक मागणं आहे, आणि ते मागायचा माझा हक्क उरलेला नाही हे कळून मागतो. आपल्या सूनबाईला, सम्राटच्या मायाला, रांजणगावला नोकरी लागली. एक मार्चपासून ती शिरूरला खोली करून राहील. तिचं बाळ चौदा महिन्यांचं आहे. तुझ्याकडं ठेवशील का? सवलत नको. नियम सगळे मान्य. मार्चची फी आगाऊ, मी स्वतः घेऊन येतो आणि सहीही करतो.

तुझा
मामा


शिरूर
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

पत्र मिळालं. तुम्ही ओसरीवर उभं राहून बोललात, ते विनोदला वाचून दाखवलं. त्यानं तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला.

ग्रुपवर तुम्ही टाकलेलं कुणीतरी पालकांपर्यंत पोचवलंय. गेलेल्यांतलं एक मूल परत आलं, फी घेऊन, परवा. बाकीची आली नाहीत आणि येतील असं वाटत नाही. शंभू दादाची फी आलेली नाही. अनिता वहिनी रस्त्यात दिसल्या की पदर सावरून पलीकडून जातात. मनू मात्र हात हलवते. मीही हलवते.

मायाचं बाळ मी घेईन. जागा आहे, जागाच जागा आहे. चौदा महिन्यांच्या बाळाला महिना चार हजार पडतात, दोन वर्षांखालच्यांना तेवढेच आहेत. एक महिन्याची अनामत. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तिची शिफ्ट बदलली तर आदल्या दिवशी कळवायचं. सोबत फॉर्म पाठवतेय, नियम मागे छापलेत. यंदा छापूनच घेतले.

तुम्ही फी घेऊन या. चांगुणाबाई विचारत असते, तुमचे मामा कवा येनार. जेवायला पिठलं करीन. पोरांना तुमचं गाणंही येतं, ऐकून जा.

पण फॉर्मवर पालकाच्या जागी सही मायाची घेईन. ती आल्यावर करेल. तुमच्या सहीवर मी आता लेकरू ठेवून घेणार नाही.

गौतमी